मुलांना वळण लागतं ते नेमकं कुठे? पुण्यातले रोजचे प्रसंग सांगा

डहाणूकर_कॉलनी

मुलांवर संस्कार व्हावेत म्हणून शिबिरं आहेत, सुट्टीतले वर्ग आहेत, गोष्टींची पुस्तकं आहेत. त्यांना माझा विरोध नाही, माझी दोन्ही मुलं जातात. पण मला मनापासून वाटतं, की मुलं चांगुलपणा शिकतात ते मोठ्या माणसाला त्यापायी झळ सोसताना पाहून. वेळ जातो, पैसे जातात, हाताला घाण लागते, चारचौघांत वाईटपणा येतो, तरी माणूस करायचं ते करतो. हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही. ज्यात आपलं काहीच जात नाही असा चांगुलपणाही त्यांना बरोबर ओळखू येतो.

पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा आम्ही नाना पेठेत जातो. माउलींची आणि तुकोबांची पालखी एकाच दिवशी शहरात येते, दोन रात्री राहते, मग एक दिवेघाटाकडे आणि एक लोणी काळभोरकडे निघते. त्या मुक्कामात पेठांमधे जे चालतं ते पाहण्यासारखं असतं. कुणी चपला शिवून देतं, कुणी दाढी करून देतं, कुणी पायाला तेल चोळतं. लेकीकडे बिस्किटांचे पुडे वाटायचं काम होतं. डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींना तिने दोन पुडे दिले. त्यांनी एक परत तिच्या हातात ठेवला. म्हणाल्या, "येकच बास बाय. मागं लई माणूस हाय." आळंदीपासून चालत आलेली बाई, सुजलेले पाय, आणि मागच्यांचा विचार! त्यानंतर दुपारभर लेक प्रत्येकाला एकेकच पुडा देत होती आणि मागून येणाऱ्यांना पुरतील ना, म्हणून सारखी खोक्यात डोकावत होती. मी तिला एका शब्दाने काही सांगितलं नव्हतं.

असे प्रसंग तुम्ही पाहिले असतील तर लिहा. ऐकीव नकोत, डोळ्यांसमोर घडलेले हवेत.

---

टिपरू

धागा आवडला ताई. मी ढोल-ताशा पथकात आहे. पथकं म्हटली की लोकांना फक्त आवाज आठवतो, त्यामुळे एक सांगावंसं वाटलं.

नवीन पोरगा सरावाला आला की लगेच त्याच्या कमरेला ढोल बांधत नाहीत. आधी ढोल उतरवायचे, दोऱ्या ओढून पान ताणायचं, सराव संपला की जागा झाडायची. कॉलेजात टॉपर असो नाहीतर नगरसेवकाचा भाचा, झाडू सगळ्यांच्या हातात येतो. नव्यांच्या बरोबरीने आमचा पथकप्रमुख दादाही झाडतो, म्हणून कुणी तोंड वाकडं करत नाही.

विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर आमचं वादन ऐन रंगात आलं होतं. पुढे टिळक चौक. तिथे वाजवायला मिळावं म्हणून पोरं दोन महिने राबलेली. तेवढ्यात मागून रुग्णवाहिकेचा आवाज. दादाने हात वर केला, ताशा थांबला, ढोल थांबले. त्या गर्दीत दोन्ही बाजूंना सरकून, ढोल पोटाशी धरून भिंतीला टेकून उभं राहायचं म्हणजे काय ते तिथे असलेल्यालाच कळेल. गाडी गेली. पण त्यात आमचं अंतर पडलं, मागच्या मंडळाची घाई सुरू झाली आणि चौकात आम्हाला जेमतेम एक ठेका वाजवू दिला. एक अकरावीतला मुलगा रडवेला झाला होता. दादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी तू पहिल्या रांगेत." आणि ठेवलं त्याला पहिल्या रांगेत.

---

बारावी_सायन्स

इथे सगळे मोठे लिहितायत म्हणून मी लिहू की नको असं झालं होतं. पण आम्ही काय बघतो ते आमच्याकडूनही ऐका.

एसटीत बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट असतं. माझ्या एका मैत्रिणीला बारा पूर्ण झाल्यावरही घरचे "अकरा सांग" म्हणायचे. ती उंच होती, कंडक्टर निरखून बघायचे, आणि तिला खिडकीबाहेर बघत बसावं लागायचं. शाळेचे प्रकल्प दुकानात तयार मिळतात, तेही घरचेच आणून देतात. दुसऱ्या दिवशी तोच बाबा सांगणार, अभ्यासात चोरी करू नको. आम्ही उलट बोलत नाही, पण लक्षात राहतं.

आता चांगलं सांगते. आम्ही एका नातेवाइकांकडे गेलो होतो. तिथे कामाच्या मावशींचा कप वेगळा होता. टवका उडालेला, स्वयंपाकघराच्या ग्रिलवर उपडा ठेवलेला. सातवीत आमची सहल फुलेवाड्यात गेली होती. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. आणि समोर ग्रिलवर तो कप. मी आईकडे बघितलं. तिने काहीही न बोलता तो कप विसळला, त्यात स्वतःचा चहा ओतला आणि पाहुण्यांच्या सेटमधला कप मावशींच्या हातात दिला. मावशी इतक्या गडबडल्या की आधी घेईनातच. आई म्हणाली, "घ्या हो, निवेल."

त्या घरातल्या मोठ्या बाई दोन दिवस आईशी धड बोलल्या नाहीत. आम्ही तिथे मुक्कामाला होतो, म्हणजे विचार करा. आईने तो विषय काढला नाही, सारवासारवही केली नाही. दोन्ही दिवस ती त्याच कपात चहा पीत होती.

---

शाळेची_घंटा

बारावी_सायन्स, बाळ, तू लिहिलंस ते फार बरं झालं. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

मी सातवीला शिकवते. आमच्या परिपाठात मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं असतात. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, वक्तशीरपणा, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन वगैरे. मुलं ती घडाघडा म्हणतात. पाठांतराला मी नावं ठेवणार नाही, कारण पाहिलेल्या गोष्टीला पुढे नाव सापडतं ते त्यातूनच. या मुलीला तो कप खुपला, कारण तिला १८६८ माहीत होतं. शिकवणं आणि दिसणं दोन्ही लागतं.

सावित्रीबाईंचा धडा शिकवताना मी १८९७ च्या प्लेगचं सांगते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. वर्ग गप्प होतो. मग एखादा हात वर होतोच, "बाई, आता कोण करतं असं?"

त्याचं उत्तर मला वर्गातच मिळालं, तेही माझ्याकडून नाही. एका मुलाला तासाला जोरात उलटी झाली. बाकावर, वहीवर, शेजारच्याच्या दप्तरावर. सगळे नाक धरून मागे सरले. कुणीतरी "मावशींना बोलवा" म्हणालं. मावशी दुसऱ्या मजल्यावर होत्या. ज्याचं दप्तर भरलं होतं तोच मुलगा उठला आणि धावत जाऊन मैदानातली माती पत्र्याच्या डब्यात घेऊन आला. दोन खेपा केल्या. माती टाकली, मग त्या आजारी मुलाला धरून नळावर घेऊन गेला. स्वतःचं दप्तर त्याने सगळ्यांत शेवटी धुतलं. त्याचे वडील मार्केट यार्डात हमाली करतात. मी त्याला विचारलं, तुला कसं रे सुचलं? म्हणाला, "आमच्या चाळीत कुणीही ओकलं तरी पप्पा असंच करतात."

तेव्हा लगेच उभं राहून "पाहा मुलांनो" असं मी म्हटलं नाही. आजारी मुलगा आधीच शरमेने मेला होता. आठवड्याभराने परिपाठात श्रमप्रतिष्ठा आली, तेव्हा नुसतं विचारलं की कुणाला काही आठवतं का. अर्ध्या वर्गाने हात वर केले. त्यामुळे मला वाटतं, बोलावं जरूर, पण घडीभर थांबून.

---

कात्रज_बोगदा

सगळे अनुभव सुंदर आहेत. पण मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. बघून मूल हेलावतं, पण तेवढ्याने त्याला सवय लागत नाही. झळ त्याला स्वतःला लागली पाहिजे, आणि आजचे पालक नेमकं तेच होऊ देत नाहीत. डबा विसरला, आणून देतो. वही राहिली, आई लिहून देते. गैरहजेरीला खोटा दाखला जोडतात. मग मूल वागण्याची किंमत शिकणार कधी?

माझा मुलगा नववीत असताना त्याच्या चेंडूने खाली उभ्या रिक्षाचा आरसा फुटला. कुणी पाहिलं नव्हतं. घरी येऊन त्याने सांगितलं. मी त्याला रागावलो नाही आणि खिशातही हात घातला नाही. रिक्षावाले काका संध्याकाळी गाडी लावायला येतात तेव्हा तू जाऊन सांग म्हटलं. तो गेला. मी वरून खिडकीतून बघत होतो, खाली उतरलो नाही. काकांनी आधी आवाज चढवला, मग ऐकून घेतलं, मग दोघं वाकून आरसा बघत राहिले. आरशाचे पैसे त्याने वाढदिवसाच्या साठवलेल्या पैशांतून दिले, आणि काकांनी त्याला तो बसवायला मदतीला घेतलं. आजही ते त्याला हाक मारतात.

आणि एक विषय इथे कुणी काढला नाही तो म्हणजे रस्ता. पुण्यातलं मूल चारित्र्याचे सगळ्यांत जास्त धडे दुचाकीवर बसून घेतं. उलट्या बाजूने घालणं, पदपथावरून काढणं, मामा, म्हणजे ट्रॅफिक पोलीस, दिसले की गल्लीत वळणं. पकडलं तर शंभरची नोट पुढे करणं, हे तर पोराच्या डोळ्यांदेखत. एका मित्राला मी पाहिलं, सिग्नल तोडल्यावर पोलिसाने बाजूला घेतलं, मागे दहा वर्षांची मुलगी. पोलीस स्वतःच म्हणाला, जाऊ द्या, बघा काय ते. मित्र म्हणाला, "साहेब, पावती करा." रीतसर दंड भरला. मुलीला क्लासला उशीर झाला आणि तिने बाबाला रस्ताभर ऐकवलं. त्याने ऐकून घेतलं. तिच्यासमोर हे घडलं याची किंमत दंडापेक्षा कितीतरी जास्त आहे असं मी मानतो.

---

डहाणूकर_कॉलनी

@कात्रज_बोगदा, तुमचा मुद्दा मान्य. पण रिक्षाच्या आरशाबद्दल त्याने आपणहून घरी सांगितलं, हे कुठून आलं? ते तर तुम्ही लावलेलं नाही. खरं सांगितल्यावर घरात काय होतं, हे त्याने आधी कितीतरी वेळा पाहिलेलं असणार.

रस्त्याबद्दल अगदी खरं. त्याच्यावर वेगळा धागा व्हायला हवा.

---

भवानी_पेठ_१९५१

माझं वय पंचाहत्तरच्या घरात. टंकायला वेळ लागतो, गोड मानून घ्या.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. शनिवार, नारायण, सदाशिव या पेठा, डेक्कन, नदीकाठचं सगळं पाण्यात. मातीच्या भिंतींचे वाडे बसले. आमची पेठ नदीपासून लांब, ती कोरडी राहिली. वडील कारकून. आम्ही दोन खोल्यांत सहा माणसं. संध्याकाळी ते शनिवारातल्या एका कुटुंबाला घेऊन आले. त्यांच्याशी आमचं नातंगोतं काही नव्हतं. नवरा-बायको आणि माझ्याच वयाचा एक मुलगा. अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नाही.

त्या दिवसांबद्दल मला मोठमोठं काही आठवत नाही, एक बारीक गोष्ट आठवते. शाळा पुन्हा सुरू व्हायची होती. माझ्या वह्या नुकत्याच आणलेल्या, त्याच्याकडे एकही नाही. आईने माझी शंभर पानी वही उघडली, मधला दोरा उसवला, अर्धी पानं वेगळी काढली आणि गोधडीच्या सुईने ती पुन्हा शिवली. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं पुठ्ठ्यासारखं कव्हर केलं. अशा सगळ्या वह्यांच्या दोन-दोन झाल्या. मला वाईट वाटलं होतं, नव्या वहीचं अप्रूप असतं. आईच्या ते लक्षात आलं. तिने मला समजावलं नाही. कव्हर असलेली मूळची अर्धी घ्यायची की तिने शिवलेली, हे मला ठरवू दिलं. मी बराच वेळ घेतला. मग मूळच्या कव्हरची त्याला दिली.

ते कुटुंब दिवाळीपर्यंत आमच्याकडे होतं. तो मुलगा पुढे माझ्या लग्नात वाढायला होता.

आईने मला ठरवायला दिलं नसतं तर मी आयुष्यभर त्या वहीबद्दल कुढत बसलो असतो, असं मला वाटतं. कात्रजकर म्हणतात ती झळ आणि धागाकर्तीताई म्हणतात ते पाहणं, हे तेव्हा एकाच जागी झालं.

---

अभ्यासिका_१७

आजोबा, नमस्कार.

मी बीडचा. सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. आमच्यासारखी हजारो पोरं इथे आहेत. कॉट बेसिसची खोली, अभ्यासिकेची एक खुर्ची आणि महिन्याचा डबा, एवढ्यावर आयुष्य चालतं. पाऊस पडला नाही की घरून पैसे लांबतात.

आमच्या मेसवाल्या काकूंची एक वही आहे. ज्याचे पैसे थकले त्याच्या नावापुढे त्या बारीक टिंब देतात, आकडा भिंतीवर लावत नाहीत. शेजारच्या मेसमधे थकबाकीवाल्यांची नावं फळ्यावर लिहितात. इथे ताटावर बसलेल्या कुणालाही कळत नाही की कोण उधारीवर जेवतोय. वाढताना चपातीला कमी-जास्त नाही, उलट टिंबवाल्याला "भात घे" जरा जास्तच होतं. त्यांचं स्वतःचं घर त्या मेसवरच चालतं, गॅसची टाकी कितीला येते हे त्यांना विचारा.

आमच्यातला एक जण निवड होऊन गेला. पहिला पगार झाल्यावर पेढे घेऊन आला आणि स्वतःच्या थकबाकीच्या वर पैसे ठेवून म्हणाला, "काकू, हे टिंबांसाठी." कुणाच्या नावापुढचं ते त्याने विचारलं नाही. आता हे आमच्यात चालू झालंय. जो निघतो तो थोडेफार ठेवून जातो. आपल्या नोट्स, टेबल-फॅनसुद्धा.

नैतिकतेच्या पेपरसाठी मी पुस्तक वाचतो तेव्हा व्याख्या लक्षात राहत नाहीत, काकूंची वही राहते.

---

ढकलगाडी

मी वाचत होते, लिहायचं नव्हतं. पण दहा मूल्यांतली श्रमप्रतिष्ठा वाचली म्हणून लिहिते.

माझी आई कचरा गोळा करते. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांची संघटना १९९३ ला झाली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, ती आमचीच, कष्टकऱ्यांची. आई आधी कचराकुंडीवर वेचायची, आता दारोदार जाते. मी बी.कॉम.ला आहे आणि रविवारी तिच्या गाडीबरोबर जाते.

तुम्ही सगळे मुलांना काय दिसतं ते लिहिताय. आम्हाला तुमची मुलं कशी दिसतात ते सांगते. बादली लांबून जमिनीवर ठेवून पळणारी असतात. नाकाला रुमाल लावून बादली हातात देणारी असतात, त्याचा राग नाही, वास येतोच. आणि काही मुलं खाली उतरून बादली स्वतः आमच्या डब्यात रिकामी करतात. दार उघडल्यावर आईवडील कसे बोलतात त्यावरून मूल कसं वागेल हे मला आधीच कळतं, चुकत नाही.

सुका कचरा आम्ही हातानेच वेगळा करतो. त्यात काच असते, वापरलेले पॅड असतात, डायपर असतात. पॅड उघडे आले की इतर बायांचं जाऊ दे, माझ्या आईला हातमोजे असूनही मळमळतं, जेवण जात नाही. म्हणून ते जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा असं आम्ही सांगतो. ठिपका दिसला की पुडी न उघडता बाजूला टाकता येते. घनकचऱ्याच्या नियमातही हे नीट गुंडाळून द्यायचं असं आहे. सांगूनही बरीच घरं करत नाहीत. लाज वाटते म्हणे. उघडं टाकायला वाटत नाही.

एका इमारतीत एक मुलगा आहे, तेरा-चौदाचा असेल. त्याच्या घरातून पुड्या नेहमी ठिपका काढून येतात. मला वाटायचं आई किंवा बहीण करत असेल. एकदा तोच दारात बसून पेपर फाडत होता आणि पुडीवर स्केचपेनने ठिपका काढत होता. मला बघून लाजला नाही, लपवलं नाही. म्हणाला, "ताई, थांबा हं, एक राहिलीय." आई गाडी ढकलत पुढे गेली, मी थांबले.

अजून एक. गेल्या महिन्यात काचेची पुडी निघाली. चार पदरी पेपर, वरून सुतळी, आणि पेन्सिलने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, "काच आहे. जपून." तिसरी-चौथीतल्या मुलाचं अक्षर. कुठल्या घरातली ते कळलं नाही. आईला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. तिने पुडी उघडलीच नाही, दाबून बघितली, मग गाडीच्या कडेला वेगळी ठेवली, आणि त्या दिवशी सगळ्या घरांना जरा जास्तच जोरात आवाज दिला, "कचराऽऽ".

---

डहाणूकर_कॉलनी

@ढकलगाडी, तुझं लिखाण मुलाला आणि लेकीला दोघांनाही वाचायला दिलं. आमच्याकडे ओला-सुका कचरा वेगळा असतो, पण ठिपका आणि काच नीट असतेच असं नाही, आणि इमारतीतल्या बाकी घरांचं तर विचारू नको. मुलंच म्हणतायत, आम्ही घरोघर जाऊन सांगतो. फोटोबिटो, उपक्रमबिपक्रम न करता. तू सांगशील ते त्यांनी लिहून घ्यायचं ठरवलंय. नेमकं काय काय सांगायचं?

---

ढकलगाडी

ताई, मुलंच आली तर लोक ऐकतात.

पॅड, डायपर, पट्ट्या, सुया हे सगळं पेपरमधे गुंडाळायचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. ठिपका मोठा काढा आणि दोन्ही बाजूंना, पुडी उलटी पडली की दिसत नाही. पेनपेक्षा स्केचपेन किंवा नेलपॉलिश बरं, ओलं झालं तरी राहतं. सुई असेल तर आधी रिकाम्या औषधाच्या डब्यात, झाकण लावून. काच, ब्लेड, फुटलेला बल्ब वेगळा आणि वर लिहायचं. मोठं अक्षर.

दुधाच्या पिशव्या धुऊन दिल्या तर आईला त्याचे भंगारात पैसे मिळतात, खरकट्या असल्या की टाकाव्या लागतात. हेही सांगा, हे कुणाला माहीत नसतं.

आणि तुमच्याकडे येणाऱ्या ताईंचं नाव मुलांना विचारायला सांगा, त्यांच्या ओळखपत्रावर असतं. आमच्या वस्तीत येणाऱ्या पाण्याच्या वेळा सांभाळून त्या लवकर निघतात, म्हणून सकाळी दारात फार वेळ थांबवू नका. दुपारी एकला त्या कचरा वर्गीकरणाच्या जागेवर असतात, मुलांना बघायचं असेल तर तिथे या. बूट घालून या, चपला नको.